आमची वाटचाल: भट्टीआधीचं धुणं

वडिलांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या गाळ्यात भट्टी लावली तेव्हा काम एवढंच: पोलादी पार्ट कडक करायला तो लाल करायचा, तेलात बुडवायचा. तेल असलं तरी म्हणायचं 'पाणी दिलं'. पुढं शिरोलीत शेड घेतली, गॅस कार्बुरायझिंग आलं (तापल्या पोलादाच्या अंगात वायूतून कार्बन मुरवणं), मग नायट्रायडिंग (अमोनियातून नायट्रोजन मुरवणं). ते सगळं सांगत बसत नाही. आमचा धंदा बदलला तो एका फसलेल्या चार्जमुळं, म्हणजे भट्टीत एका वेळी लावलेल्या मालामुळं.

ईएन-४१बी या नायट्रायडिंगच्या पोलादाचे शाफ्ट होते. ५२० अंशांवर दोन दिवस ठेवले की कडक थर मिळतो जेमतेम ०.४ मिलिमीटर. चार्ज काढला तर राखाडी अंगावर मधेच चकचकीत डाग. वडिलांनी कानस मारून पाहिली. बाकीकडं काचेवरून घसरावी तशी घसरली, डागावर मात्र धरली. म्हणजे तिथं मऊच! तापमान मोजणारा थर्मोकपल तपासला, अमोनियाचं विघटन मोजलं, भट्टी चोख. खोट भट्टीत जाण्याआधीचीच. ग्राइंडिंग करताना पार्ट थंड ठेवायला सोडतात ते कूलंट अंगावर सुकलं होतं आणि आम्ही त्यावर नुसता रॉकेलचा बोळा फिरवला होता. असा पापुद्रा राहिला की नायट्रोजन लोखंडात शिरतच नाही. त्यात नायट्रायडिंग शेवटी, माप पुरं झाल्यावर करतात, त्यामुळं पुन्हा घासायला जागा नसते. लॉटचे पैसे आम्हीच भरले.

तेव्हापासून गरम अल्कलीत धुणं, स्वच्छ पाण्यानं दोनदा खळबळणं (साबणातला सिलिकेट राहिला तर तोही आडवा येतो), लगेच वाळवणं आणि हातमोजे. नायट्रायडिंगच्या आधी ३५० ते ४०० अंशांवर हवेत तापवतो. पातळ ऑक्साइड धरला की थर सारखा बसतो. तपासणी फुकटची: पार्टवर पाणी ओता. सलग पसरलं तर ठीक, थेंब धरले तर परत टाकीत.

कार्बुरायझिंगचा माल थोडं सोसतो, पण गंज तिथंही चालत नाही. आणि कोल्हापूरचा पाऊस! जुलैत मशीनशॉपमधून टेम्पो संध्याकाळी आला तर सकाळी गिअरवर तांबूस झाक. मग आधी शॉट ब्लास्टिंग, म्हणजे बारीक छऱ्यांचा मारा. ॲसिडनं गंज काढायचा मोह होतो, पण कडक झालेल्या मालाला आम्ही ॲसिड लावत नाही. त्यातला हायड्रोजन पोटात जातो आणि पार्ट नंतर अचानक तडकतो.

धुण्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा दाखवतो. "धुण्याचेही पैसे लावता होय?" असं अजून एखादा विचारतोच. त्याला मी टाकीपाशी नेतो आणि त्याच्याच पार्टवर तांब्याभर पाणी ओततो.