‘ब्लेड रनर’ : तुमच्याकडची आवृत्ती नेमकी कोणती?

छपरावर पाऊस कोसळतोय. रिडली स्कॉटच्या ‘ब्लेड रनर’ या विज्ञानपटात रॉय बॅटी या कृत्रिम माणसाचं शेवटचं बोलणं संपतं, मान खाली जाते, हातातलं कबुतर उडून जातं. त्यानंतरचे काही सेकंद कान देऊन ऐका. १९८२ साली थिएटरात लागलेल्या आवृत्तीत तिथे अशा पळालेल्या कृत्रिम माणसांना शोधून मारणाऱ्या डेकार्डचं, म्हणजे हॅरिसन फोर्डचं, निवेदन सुरू होतं आणि बॅटीनं आपला जीव का वाचवला असेल, याचा तो खुलासा करत बसतो. १९९२ आणि २००७ च्या आवृत्त्यांत तिथे कुणीच बोलत नाही. पाऊस, व्हॅन्जेलिसचं संगीत आणि डेकार्डचा चेहरा, बस्स. बॅटी झालेल्या रुटगर हाउअरनं लिहून दिलेलं भाषण स्वतः कापून-छाटून एवढंसं केलं, आणि त्यावर निवेदनाचं ठिगळ लावलं गेलं. ते उसवल्यावर प्रसंग पुन्हा श्वास घेतो.

डायरेक्टर्स कट म्हणजे लांबवलेला सिनेमा, असा एक समज आहे. ‘ब्लेड रनर’ला तो लागू पडत नाही. त्याच्या थिएटरात आणि डिस्कवर आलेल्या सगळ्या आवृत्त्या ११३ ते ११७ मिनिटांच्या आत बसतात. फरक लांबीचा नाही, काय काढलं आणि कुठे काय जोडलं त्याचा आहे. म्हणून संकलन म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायचं असेल, तर याच्याइतकं सोयीचं उदाहरण सापडत नाही. कथा तीच, नट तेच, चित्रीकरणही जवळपास तेच, आणि तरी नायक माणूस आहे की यंत्र, हा प्रश्न आवृत्तीगणिक बदलतो.

शब्दाचा घोळही आधीच निस्तरलेला बरा. अमेरिकेतल्या दिग्दर्शक संघटनेच्या करारात ‘डायरेक्टर्स कट’ला रुक्ष, कामकाजी अर्थ आहे. चित्रीकरण संपल्यावर दिग्दर्शकाला आपली पहिली जुळणी करायला साधारण दहा आठवडे मिळतात, ती जुळणी म्हणजे डायरेक्टर्स कट. त्यापुढे निर्मात्याला कात्री चालवता येते. डिस्कच्या खोक्यावर छापलेला ‘डायरेक्टर्स कट’ ही वेगळी चीज आहे. तो बहुतेक वेळा वर्षांनंतर, पुन्हा विकता यावं म्हणून तयार होतो. चांगला निघतो तेव्हा हा व्यापारी हेतू आपण सोडून देतो, इतकंच.

१९८२ मध्ये घडलं ते असं. खर्च ठरल्यापेक्षा वर गेला आणि सिनेमा पूर्ण होईल याची आर्थिक हमी घेतलेल्या बड यॉर्किन आणि जेरी पेरेन्चिओ यांच्या हाती सिनेमाची सूत्रं गेली. मार्चमध्ये डेन्व्हर आणि डॅलसला चाचणी खेळ झाले. प्रेक्षक गोंधळले. उपाय दोन निघाले : फोर्डकडून निवेदन बोलून घ्यायचं आणि शेवट गोड करायचा. त्या गोड शेवटात डेकार्ड आणि त्याची प्रेयसी रेचल (तीही कृत्रिमच) डोंगरांतून गाडीनं निघून जातात. हेलिकॉप्टरमधून टिपलेली ती दृश्यं ‘द शायनिंग’साठी घेतलेल्या, वापराविना उरलेल्या फिल्ममधली आहेत. कुब्रिककडून ती मागून आणली होती. आता गंमत बघा. दोन तास ज्या शहरात सूर्य फक्त कृत्रिम माणसं बनवणाऱ्या टायरेलच्या उंच मजल्यावरूनच दिसतो, त्या शहराबाहेर एवढं हिरवंगार मोकळं रान असेल, तर लोक त्या चिखलपावसात राहतात कशाला? परग्रहावर वस्तीला चला म्हणून जाहिराती तरी कशाला फिरवायच्या? सगळा डोलारा एका दृश्यात कोसळतो. शिवाय निवेदन जाता जाता सांगून टाकतं की रेचलला मरणाची मुदतच घातलेली नाही. कृत्रिम माणसांच्या चार वर्षांच्या आयुष्याची जी टांगती तलवार कथेला ओढत होती, तीच काढून घेतली जाते.

सिनेमा त्या उन्हाळ्यात फारसा चालला नाही. व्हिडिओ कॅसेटवर हळूहळू त्याचे भक्त तयार झाले. १९८९ मध्ये मायकल अॅरिक या चित्रपट-जतनाचं काम करणाऱ्या माणसाला ध्वनीच्या एका गोदामात, दुसरंच काही शोधताना, ७० मिमीची एक प्रत मिळाली. मे १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स थिएटरात ती लागली, आणि प्रेक्षकांच्या ध्यानात आलं की हा आपला नेहमीचा सिनेमा नाही. निवेदन जवळजवळ नाही, गोड शेवट नाही. ती चाचणी खेळांची कामचलाऊ प्रत होती, म्हणजे वर्कप्रिंट. १९९१ मध्ये ती लॉस एंजेलिसच्या न्युआर्टला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रोला लागली, तेव्हा तिकिटं मिळेनात.

रिडली स्कॉटचं म्हणणं होतं, ही माझी आवृत्ती नव्हे. कारण साधं आहे. शेवटच्या मारामारीवर व्हॅन्जेलिसचं नव्हे, तात्पुरतं उसनं संगीत आहे आणि डेकार्डच्या स्वप्नातल्या युनिकॉर्नचं (एकशिंगी घोड्याचं) दृश्य तर नाहीच. मग निवेदन आणि गोड शेवट काढून घाईघाईत १९९२ ची आवृत्ती जुळवली गेली. स्कॉट दुसऱ्या कामात गुंतलेला, त्यानं टिपणं दिली आणि त्यांवरून इतरांनी काम उरकलं. मूळ युनिकॉर्न दृश्याची फिल्म हाती लागली नाही, म्हणून उरलेल्या तुकड्यांतला एक वापरला. खोक्यावर ‘डायरेक्टर्स कट’ छापलेली आवृत्ती दिग्दर्शकानं संकलन-टेबलाशी बसून केलेली नाही, हे ध्यानात ठेवायला हवं.

तरी तिनं जे साधलं ते मोठं आहे, आणि ते दहा-बारा सेकंदांत साधलं. डेकार्ड पियानोपाशी झिंगून बसलाय, आणि झाडीतून एक पांढरा युनिकॉर्न दौडत येतो. एवढंच. पुढे तासाभरानं गाफ या पोलिसानं सोडलेला कागदी युनिकॉर्न डेकार्डला दाराबाहेर जमिनीवर सापडतो. तो कागदी युनिकॉर्न १९८२ च्या आवृत्तीतही आहे, पण तिथे त्याचा अर्थ ‘गाफ येऊन गेला आणि त्यानं रेचलला सोडून दिलं’ एवढाच निघतो. स्वप्न आधी दाखवलं की त्याच कागदाच्या घडीचा अर्थ पालटतो : डेकार्डच्या डोक्यातलं स्वप्न गाफला ठाऊक कसं? रेचलच्या आठवणी कुणी तरी भरलेल्या होत्या, तशाच याच्याही असतील का? त्या कागदी युनिकॉर्नच्या दृश्याची एकही चौकट न बदलता शेवट बदलतो. (ते दृश्य स्कॉटच्या पुढच्या ‘लेजंड’मधून उचललं ही कहाणी फार फिरते. ती खोटी आहे. ते ‘ब्लेड रनर’साठीच, त्याच्या आधी टिपलं होतं.)

निवेदन काढल्यावर १९९२ मध्ये जागोजागी रिकाम्या जागा राहिल्या. डेकार्ड एकटा आहे, गाडी चाललीय, कुणी बोलत नाही. ही दृश्यं मुळात बोलण्याला जागा मिळावी म्हणून थोडी लांब ठेवलेली आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती रेंगाळल्यासारखी वाटतात. पण त्याच जागांत शहराचा आवाज ऐकू येतो : जाहिरातींचे भोंगे, पावसाची रिपरिप, पाच-सहा भाषांची खिचडी. गाफची बोली कुठकुठल्या भाषांतून आली हे निवेदन फोड करून सांगत होतं. ते नसलं की आपणही डेकार्डसारखेच नूडलवाल्याच्या मोडक्यातोडक्या भाषांतरावर विसंबतो. हे जास्त बरं.

२००७ ची फायनल कट ही खऱ्या अर्थानं स्कॉटच्या हातची. मूळ ३५ मिमी निगेटिव्ह ४केमध्ये आणि विशेष दृश्यांची ६५ मिमी फिल्म ८केमध्ये स्कॅन केली. ६५ मिमी का, तर एकाच फिल्मवर अनेकदा छपाई करून ही दृश्यं बनायची, आणि दरवेळी दाणेदारपणा वाढायचा. मोठ्या फिल्मवर तो सोसला जातो. मग बारीकसारीक चुका निस्तरल्या. उडत्या गाडीला वर खेचणाऱ्या तारा पुसल्या. झोरा ही पळालेली कृत्रिम बाई काचा फोडत पळते तेव्हा विग घातलेली स्टंटबाई स्पष्ट दिसायची, तिथे जोआना कॅसिडीला २००७ मध्ये पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभं करून तिचा चेहरा बसवला. सापवाल्याशी बोलताना डेकार्डचे ओठ आणि शब्द जुळत नव्हते, तिथे फोर्डच्या मुलाचे, बेनचे ओठ वापरले. रात्रीच्या पावसातून उडालेलं कबुतर पूर्वी निळ्या कोरड्या आकाशात जायचं, आता ते काळ्या आकाशात जातं. डेकार्डचा साहेब ब्रायंट पळून आलेली कृत्रिम माणसं मोजतो, तेही गणित सुधारलं. पूर्वी तो म्हणायचा, सहा जण आले आणि एक विजेच्या कुंपणात मेला. म्हणजे उरले पाच, पण सिनेमात तर चारच दिसतात. पाचवा डेकार्डच, असे तर्क त्यावर लढवले गेले. खरी गोष्ट अशी की मेरी नावाचं एक पात्र कापलं गेलं होतं आणि वाक्य तसंच राहिलं. आता मेलेले दोन आहेत.

या आवृत्तीबद्दल एक तक्रार रास्त आहे : रंग. जुन्या प्रतींपेक्षा चित्र हिरवट-निळसर झालंय, काही ठिकाणी डोळ्यांना खुपण्याइतकं.

आता मुद्द्याचं. ओटीटीवर नुसतं ‘ब्लेड रनर’ लिहिलेलं असतं, तेव्हा ओळखायचं कसं? मिनिटं मोजू नका. ‘पाल’ या टीव्ही पद्धतीच्या जुन्या डीव्हीडींवर सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा २५ नं पळतो, म्हणजे सुमारे ४ टक्के जलद. ११७ मिनिटांचा सिनेमा ११२ मिनिटांत संपतो, आवाजही किंचित चढा लागतो, आणि लोकांना वाटतं काहीतरी कापलंय. त्यापेक्षा कान वापरा. सुरुवातीला डेकार्ड नूडलच्या गाडीपाशी वाट बघत असताना निवेदन ऐकू आलं, तर आवृत्ती १९८२ ची. तीत टायरेलच्या डोळ्यांतून रक्त आलेलं दिसलं तर अमेरिकेबाहेर दाखवलेली, नाहीतर अमेरिकी. निवेदन नसेल, तर बॅटी टायरेलकडे आयुष्य वाढवून मागतो त्या वाक्याचा शेवट ऐका. शिवी आली तर १९९२, ‘फादर’ असं ऐकू आलं तर २००७. तरीही शंका असेल तर पियानोचा प्रसंग बघा : युनिकॉर्नच्या मध्ये मध्ये डेकार्डचा जागा चेहरा येत असेल, तर फायनल कट. १९९२ मध्ये ते झोपेतलं स्वप्न वाटतं, २००७ मध्ये उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं. हा फरक छोटा नाही.

वेगळी सबटायटल्स उतरवून घेणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. १९८२ ची फाइल फायनल कटवर लावली की डेकार्ड गप्प असताना पडद्यावर त्याची वाक्यं येतात आणि सिनेमाचा पार विचका होतो. फाइल उघडून पहिल्या काही मिनिटांत डेकार्डचं मोठं स्वगत आहे का, ते पाहून घ्या.

पहिल्यांदा बघणाऱ्यानं फायनल कट बघावी. ४केची डिस्क २०१७ साली आली तीही तिचीच. मग काही आठवड्यांनी १९८२ ची अमेरिकी आवृत्ती, निदान पहिली वीस मिनिटं आणि शेवटची वीस. उलट क्रम लावला तर निवेदन डोक्यात बसतं आणि नंतरच्या शांततेतही ऐकू येत राहतं. वर्कप्रिंट सगळ्यांत शेवटी, हौस असेल तर. २००७ च्या पाच डिस्कच्या संचात ती आहे. खोलीत काळोख करा, टीव्हीवरची चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा आणि ब्राइटनेस वाढवू नका. काळ्यातलं बारीक काम दिसत नाही म्हणून ब्राइटनेस वाढवला की धूर आणि पाऊस दोन्ही राखाडी होतात.

दिग्दर्शक परत आला की सिनेमा सुधारतोच असं मात्र नाही. २००१ चा ‘डॉनी डार्को’ ११३ मिनिटांचा होता. २००४ च्या डायरेक्टर्स कटमध्ये वीस मिनिटं वाढली आणि कथेतल्या काल्पनिक पुस्तकाची पानंच पडद्यावर आली. कोडं होतं ते गाइड झालं. स्कॉटनं खुलासा काढला, रिचर्ड केलीनं घातला. आणि आपल्याकडचा ‘शोले’? १९७५ मध्ये सेन्सॉरनं बदलायला लावलेला मूळ शेवट, ठाकूर गब्बरला मारतो तो, मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं दुरुस्त केलेल्या प्रतीसह २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दिसला. तिथे कात्री निर्मात्याची नव्हती, सरकारची होती. त्यामुळे तो हिशेब वेगळा, आणि त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.

फायनल कट बघताना शेवटची एक काळजी घ्या. लिफ्टचं दार धाडकन बंद होतं आणि सिनेमा तिथेच थांबतो. लगेच व्हॅन्जेलिसचं शेवटचं संगीत सुरू होतं. नेमक्या त्या क्षणी ओटीटीवर चित्र कोपऱ्यात आक्रसतं आणि पुढच्या सिनेमाची जाहिरात येते. पुढचं आपोआप लावण्याची सोय आधीच बंद करून ठेवा.