नवऱ्याची सही कायद्यात कुठे आहे?

गर्भपातासाठी नवऱ्याची संमती लागतेच, असे शिकलीसवरलेली माणसेही छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात १ एप्रिल १९७२ पासून लागू असलेला वैद्यकीय गर्भपात कायदा सज्ञान स्त्रीच्या बाबतीत फक्त तिचीच संमती मागतो. पालकाची लेखी संमती लागते ती अल्पवयीन किंवा मनोरुग्ण स्त्रीसाठी. तरीही तांबी बसवलेली असताना दिवस गेलेल्या माझ्या मावसबहिणीला एका खासगी रुग्णालयाने ‘मिस्टरांना घेऊन या’ असे बजावले, आणि मिस्टर बोटीवर नोकरीला असल्याने ती नाहक ताटकळत राहिली.

तांबी असतानाही गर्भ राहू शकतो, हे कायद्याने पहिल्यापासून मान्य केले आहे. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या १९७१ च्या कायद्याने गर्भनिरोधक साधन निकामी ठरणे हे स्त्रीच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा करणारे कारण मानले. मात्र ही मुभा विवाहित स्त्री आणि तिच्या पतीपुरती, तीही मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी होती. स्त्रीच्या इच्छेपेक्षा लोकसंख्येची चिंता त्यात अधिक होती, असे माझे मत आहे. ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ हे शब्द यायला २०२१ ची दुरुस्ती उजाडावी लागली. त्याच दुरुस्तीने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे ठरवले आणि बलात्कारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या अशा काही स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवली. या वाढीव मुदतीतून अविवाहित स्त्रियांना वगळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्याच न्यायालयाने दोन मुलांच्या एका विवाहित आईला २६ आठवड्यांनंतर परवानगी नाकारली. ती बाळाला अंगावर पाजत होती, पाळी सुरू झाली नव्हती, त्यामुळे गर्भ राहिल्याचे तिला उशिरा कळले. अंगावर पाजताना दिवस जात नाहीत, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. पण बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, केवळ आईच्या दुधावर असेल आणि पाळी परतलेली नसेल, तरच त्यावर बऱ्यापैकी भिस्त ठेवता येते, हे बाळंतिणीला क्वचितच कोणी समजावून सांगते.

एवढ्या दुरुस्त्या होऊनही गर्भपात हा मुळात गुन्हाच आहे आणि वैद्यकीय गर्भपात कायदा हा त्याला अपवाद आहे. पूर्वी दंडसंहितेचे ३१२ वे कलम होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ८८ वे आहे. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्याच्या कक्षेत येते. निर्णयावर शिक्कामोर्तब करायचे ते डॉक्टरांनी, म्हणून धास्तीही त्यांनाच, आणि कायद्याने न मागितलेली नवऱ्याची सही रुग्णालये बहुधा या धास्तीपोटीच फाइलला जोडून ठेवत असावीत.