ठेव आणि ठेवीतून

त्या सोमवारी ऑफिसात चौघं आले. आजींचा मुलगा, सून, पुतणी आणि दाराजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसलेल्या मावशी. आजींच्या घरी त्यांनी बावीस वर्षं स्वयंपाक केला.

टेबलावर मृत्युपत्र होतं. वहीचं दुरेघी पान, निळी शाई, खाली फॅमिली डॉक्टरांची आणि शेजाऱ्यांची सही. नोंदणी नव्हती, पण ती सक्तीची नाहीच. दोन साक्षीदार पक्के होते. वकिलाला एक रुपया न देता आजींनी कागद चोख केला होता, हे आमच्या धंद्याला जरा झोंबणारंच.

मजकूर एवढाच: ‘माझ्या चार तोळ्यांच्या पाटल्या नातीला. बँकेतली दोन लाखांची ठेव पुतणीला. दुसऱ्या, तीन लाखांच्या ठेवीतून पन्नास हजार स्वयंपाकाच्या बाईंना द्यावेत. बाकी सगळं मुलाला.’

पुतणीने आधी फोनवर हे वाचून दाखवलं तेव्हा मी म्हणून बसलो होतो, "ठेव तुमचीच." चूक माझी. आधी बँकेचे कागद बघायला हवे होते. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आजींनी दोन्ही ठेवी मोडल्या होत्या. सगळा पैसा ऑपरेशनला आणि घरी ठेवलेल्या नर्सला गेला.

पाटल्यांचं लवकर मिटलं. सुनेने सोनाराची पावती पुढे केली: जुन्या पाटल्या मोडीत, नवे तोडे. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925, कलम 152: नेमकी वस्तू नावानिशी दिली आणि मरतेवेळी ती मालकीची उरली नाही किंवा तिचं रूपच पालटलं, तर ते दान संपलं. सोन्याची साखळी मोडून पेला केला, हे उदाहरण कायद्यातच आहे. तोडे ‘बाकी सगळं’मध्ये, म्हणजे मुलाकडे. नात त्याचीच, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

पुतणीची ठेवही याच कलमात गेली. तिला हे तोंडावर सांगताना मला पाण्याचा ग्लास उचलावा लागला.

सून म्हणाली, "मग बाईंचेही गेले ना? ती ठेवही मोडलीच की."

नाही गेले. ‘ठेव द्यावी’ म्हटलं की ती ठेवच दिलेली असते. ‘ठेवीतून पन्नास हजार द्यावेत’ म्हटलं की रक्कम दिलेली असते. ठेव म्हणजे ती आधी कुठून काढायची याची नुसती खूण. कलम 150 हा फरक सांगतं, आणि 153 सांगतं की खूण पुसली तरी रक्कम बाकीच्या मिळकतीतून द्यायची. आजींवर देणं नव्हतं, फ्लॅट होता, सेव्हिंग खात्यात लाखभर होते.

"एका ‘तून’मुळे?" पुतणी म्हणाली.

"हो."

"काकू मराठीच्या शिक्षिका होत्या," ती म्हणाली आणि चक्क हसली. मला मात्र हसता येईना.

मावशींनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "ताईंच्या वाटचे नाहीत ना ते?"

"नाहीत. साहेबांच्या वाटणीतून येतील."

मुलाने कुरकुर न करता चेकबुक काढलं, पेनाचं टोपण उघडलं आणि थांबला. बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली.

"मावशी," तो म्हणाला, "तुमचं पूर्ण नाव काय?"

मावशींनी कमरेची पिशवी सोडली आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आधार कार्ड माझ्यासमोर ठेवलं.