एलएलएम न करता न्यूयॉर्कची सनद

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत हमखास कुणीतरी विचारतं, "तुम्ही तिकडे वकील होतात ना? मग इथे कसं काय जमवलंत?" आणि पुण्या-नाशिकहून नवीन एलएलबी झालेल्यांचे फोन येतात, "ताई, एलएलएम केल्याशिवाय न्यूयॉर्कची वकिलीची परीक्षा देताच येत नाही ना?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. देता येते. मी दिली.

आपल्याकडे महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची सनद घेतली की देशभर कुठल्याही कोर्टात उभं राहता येतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याची चूल वेगळी. मी राहते न्यू जर्सीत, पण मी अर्ज केला तेव्हा न्यू जर्सीला अमेरिकेतलीच जेडी, म्हणजे इथली कायद्याची पदवी, लागायची. नदीपलीकडचं न्यूयॉर्क बाहेरच्यांना दार उघडं ठेवतं. म्हणून घर इकडे, सनद तिकडची.

न्यूयॉर्कचा परदेशी कायदा-पदवीधरांसाठीचा नियम ५२०.६ मुख्यतः दोन गोष्टी बघतो. कायद्याचं शिक्षण पूर्णवेळ, किमान तीन वर्षांचं आहे का, आणि ते इंग्लिश कॉमन लॉवर, म्हणजे आधीच्या निकालांना धरून चालणाऱ्या इंग्रजी कायदापद्धतीवर, उभं आहे का. आपली वर्गात बसून केलेली तीन वर्षांची एलएलबी या दोन्हींत बसू शकते. यातलं एकच कमी पडलं, तर अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त लॉ स्कूलमधलं २४ क्रेडिटचं एलएलएम ती उणीव भरून काढतं. दोन्ही कमी असतील तर एलएलएम करूनही उपयोग नाही. तेव्हा आधी आपल्या पदवीचं मूल्यांकन मागवा, लाखांच्या कर्जाचं नंतर बघा. एजंट हे सांगत नाहीत, त्याचं कारण उघड आहे.

खरा घाम कागदांनी काढला. गुणपत्रकं विद्यापीठानेच सीलबंद करून थेट अल्बनीच्या परीक्षा बोर्डाकडे पाठवायची असतात. पाकीट आपल्या हातात आलं की संपलं. माझे बाबा चार वेळा विद्यापीठात गेले. खिडकीवरचे गृहस्थ दरवेळी म्हणायचे, "काका, तुम्हीच घेऊन जा आणि टाका कुरिअरला." बाबा हात मागे घेऊन उभे! चौथ्या वेळी कुरिअरवाल्यालाच सोबत नेलं, तेव्हा ते पाकीट टेबलावरून थेट त्याच्या पिशवीत गेलं.

परीक्षा दोन दिवसांची, फेब्रुवारी आणि जुलैच्या अखेरीला. दोनशे बहुपर्यायी प्रश्न, सहा निबंध, दोन प्रात्यक्षिक मसुदे. ४०० पैकी २६६ गुण हवेत. फी तिथल्या जेडीवाल्यांना २५० डॉलर, आपल्याला ७५०. कराराचा कायदा ओळखीचा वाटला. ज्युरीच्या भानगडी मात्र पहिल्यापासून शिकाव्या लागल्या, कारण आपल्याला ज्युरी माहीत ती नानावटी खटल्यापुरती. सगळ्यात घोळ घातला तो ओळखीच्याच गोष्टींनी. मालमत्ता भविष्यात किती काळ बांधून ठेवता येते, याचं आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम १४ मला तोंडपाठ. हयात व्यक्तीचं आयुष्य आणि पुढे वारस सज्ञान होईपर्यंतचा काळ, म्हणजे अठरा वर्षं. तिथे एकवीस. सरावाच्या पेपरात हात आपोआप अठरावर जायचा.

शिवाय व्यावसायिक नीतीची वेगळी परीक्षा, न्यूयॉर्कच्या कायद्याची ऑनलाइन चाचणी, पन्नास तासांचं विनामूल्य कायदेशीर काम. हे होऊन जातं.

शेवटी चारित्र्याची चौकशी. त्यात जिथे जिथे वकिलीचं काम केलं तिथल्या वरिष्ठांचं प्रतिज्ञापत्र लागतं. मी साताऱ्याला सरांना फोन लावला. हुद्दा काय, काम पूर्णवेळ की अर्धवेळ, सगळं लिहायचं होतं.

"पूर्णवेळच की, रात्री नऊपर्यंत बसायचीस," सर म्हणाले. "पण हुद्दा काय लिहू? ज्युनियर म्हणजे काय ते त्यांना कळेल का? तुला पगार तरी कुठे होता!"

बराच खल करून 'असोसिएट' ठरलं. सर हसले. "घे पोरी, एवढ्या वर्षांनी बढती दिली तुला."