मेहरूणची अर्धी फेरी

आज सहा आठवड्यांनी जळगावच्या मेहरूण तलावावर चालायला गेलो. छातीच्या पोकळीत हवा साठून डावं फुप्फुस आक्रसलं होतं. आधी नळी, मग दुर्बिणीतून ऑपरेशन. तेव्हापासून तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र हातात; श्वास आत ओढायचा, गोळ्या वर धरून ठेवायच्या. सुरुवातीला एकच गोळी जेमतेम हलायची. काल तिन्ही वर राहिल्या!

अर्ध्या फेरीत बरगडीपाशी ओढ बसली, थांबलो. एक अनोळखी बाबा जवळ येऊन म्हणाले, "हायू हायू चाल भो." म्हणजे हळूहळू चाल, भाऊ. डोळेच भरून आले.

वजन उचलायला अजून मनाई. शेतातून आलेला केळीचा घड धाकट्याने आत नेला. रात्री आईच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि कितीतरी दिवसांनी छाती न धरता हसलो.