साबण सुटेना

आर. के. नगरातल्या त्या घरात एप्रिलमध्ये मी चौथ्यांदा गेलो होतो. घर एका निवृत्त केमिस्टचं. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये हयात गेलेली, शेवटची काही वर्षं बॉयलरचं पाणी त्यांच्याकडे. मी त्यांना काका म्हणतो. हॉलमध्ये तीन फुटी प्लांटेड टाकी, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेलं मत्स्यालय, दिवाळीत मीच लावून दिलेलं. ॲमेझॉन स्वोर्ड, रोटाला, क्रिप्टोकोरिन ही झाडं, थोडे गप्पी मासे, चेरी श्रिंप म्हणजे इवल्या लाल कोळंब्या आणि चार नेराइट गोगलगायी. जानेवारीपर्यंत टाकी अशी होती की शेजारपाजारचे लोक फोटो काढून न्यायचे.

मार्चमध्ये रोटालाचे शेंडे वळायला लागले. नवं पान येताना बारीक आणि मुरडलेलं यायचं. स्वोर्डचं नवं पान कडेला पांढुरकं. आमच्या मत्स्यालयाच्या धंद्यातली वाईट खोड म्हणजे झाड रुसलं की बाटली विकायची. मी आधी लोह दिलं, मग पोटॅश, मग लाइटचे तास कमी केले. शिवाय वर सल्ला, "काका, आठवड्याला तीस टक्के पाणी बदलता ना? अजिबात चुकवू नका." काका शिस्तीचे. त्यांनी एकही रविवार चुकवला नाही.

पाण्याचा संशय मला आला नव्हता असं नाही. दर खेपेला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातल्या एकूण क्षारांचा आकडा देणारं यंत्र, बुडवायचो. दिवाळीत ५४० होतं, मार्चमध्ये ५५०, एप्रिलमध्येही तेवढंच. बोअर तीच, आकडा तोच, म्हणजे पाणी तेच. मासेही ठणठणीत, खायला वर उड्या मारत येणारे. त्यामुळे मी निर्धास्त.

त्या दिवशी मात्र दोन श्रिंप मेलेल्या सापडल्या. कात टाकता टाकताच अडकलेल्या, मानेपाशी पांढरं कडं. गोगलगायीच्या शंखाचं टोकही चुन्याचा पोपडा निघावा तसं झिजलेलं. एवढं बघून तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला.

काम आटोपून बेसिनवर हात धुतले. साबण लावला, फेस भरपूर आला, पण साबण काही सुटेना. चोळतोय, पाणी ओततोय, हात आपले बुळबुळीतच. दिवाळीत याच बेसिनवर याच साबणाला धड फेस येत नव्हता.

"काका, पाण्याला काय केलंय?"

"काय न्हाई. वर गच्चीवर सॉफ्टनर बसवलाय फेब्रुवारीत."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "एक नंबर काम झालंय बघ. डाळ आता दोन शिट्ट्यांत शिजती. गीझरची कॉईल पण खराब व्हायची बंद झाली."

मी तसाच ओल्या हातांनी गाडीच्या डिकीतून जीएच आणि केएचचं किट काढून आणलं. जीएच म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कठीणपणा, केएच म्हणजे बायकार्बोनेट; रंग बदलेपर्यंत जितके थेंब, तितक्या डिग्री. हे किट मी रोज वापरत नाही. थेंब मोजायला वेळ जातो, मीटर दोन सेकंदांत आकडा देतं. आळस, दुसरं काय. नळाचं पाणी नळीत घेतलं, जीएचचा पहिलाच थेंब टाकला आणि पाणी थेट हिरवं. म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ शून्य. केएचला मात्र सोळा थेंब लागले. टाकीच्या पाण्याचा जीएच दोन.

काका बाजूला उभे होते. त्यांना काही समजावून सांगायची वेळच आली नाही. सॉफ्टनर काय करतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्या बदल्यात सोडियम सोडतात. बायकार्बोनेट जागेवरच राहतं, म्हणून केएच हलत नाही. क्षार कमी होतच नाहीत, फक्त बदलतात, म्हणून मीटरला पत्ता लागत नाही. मीटरला सगळं सारखंच.

"गच्चीवरचं आधीचं पाणी दे," ते म्हणाले. सॉफ्टनरच्या अलीकडचा कॉक सोडून बाटली भरली. जीएच वीस.

मग काकांनी चष्मा लावला आणि दुधाच्या बिलाच्या पाठीवर आकडेमोड सुरू केली. वीस डिग्री म्हणजे लिटरला साधारण ३५७ मिलिग्रॅम कठीणपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. त्याला तेवीस भागिले पन्नास, म्हणजे सोडियम आणि कॅल्शियम कार्बोनेटचे तुल्यभार. लिटरमागे १६४ मिलिग्रॅम सोडियम. दुसरी ओळ त्यांनी न विचारताच मांडली. दर रविवारी तीस टक्के, असे आठ रविवार. फेब्रुवारीतल्या पाण्यापैकी टाकीत उरलं जेमतेम सहा टक्के. वीसाचे सहा टक्के, एक पूर्णांक काहीतरी. माझ्या दोन थेंबांशी हिशेब जुळला.

"म्हंजे मी जेवढं नेमानं पाणी बदललं, तेवढी झाडं उपाशी," असं म्हणून ते गप्प बसले. मीही गप्पच होतो, कारण तो नेम मीच लावला होता. शिवाय मी विकलेल्या बाटल्यांत कॅल्शियम नव्हतंच. असली खतं बनवणारे बहुधा धरूनच चालतात की ते नळाच्या पाण्यातून मिळतं.

थोड्या वेळानं काका हसायला लागले. "आरं, सगळी नोकरी कॅल्शियम हुडकून हाकलण्यात गेली. बॉयलरच्या ट्यूबला खपली धरली की आमची झोप उडायची. तपासणीत रंग लालचा निळा झाला की जीव भांड्यात. आता त्येच इकत आणायचं व्हय?"

विकत काही आणावं लागलं नाही. प्लंबर बोलावून सॉफ्टनरच्या अलीकडून एक वेगळा नळ खाली आणला. निव्वळ बोअरवरही टाकी चालली असती, दिवाळीपासून चालतच होती की. पण काचेवरचे पांढरे डाग काकांना नको होते. म्हणून एक बादली बोअर आणि दोन बादल्या स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी, असं ठरलं. त्यानं जीएच सातच्या आसपास येतो. आरओत सोडियमही बरंचसं निघून जातं, त्यामुळे त्याच्यामागे सॉफ्टनर असला तरी बिघडत नाही. काकांना सगळं पाणी त्याच दिवशी बदलायचं होतं, ते मात्र मी करू दिलं नाही. उरलेल्या श्रिंपांना एवढी उडी झेपली नसती. दिवसाआड पंधरा टक्के. आरओचं पाणी भरायला तासन् तास लागतात, त्यामुळे दोन आठवडे काकूंच्या न्हाणीघरात बादल्यांची रांग होती आणि येता-जाता मला बोलणी बसत होती.

तीन आठवड्यांनी रोटालाचा नवा शेंडा सरळ आला. मुरडलेली पानं मुरडलेलीच राहिली, ती कापून टाकली. नेराइटच्या शंखाचं झिजलेलं टोक भरून आलं नाही, पण तोंडाकडची नवी कड गुळगुळीत आणि काळीभोर निघाली.

खताच्या तीन बाटल्यांचे पैसे मी परत द्यायला गेलो तेव्हा काकांनी ते घेतले नाहीत. त्याऐवजी माझं जीएच किट ठेवून घेतलं. पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला. "तुझ्या थेंबावर सात येतंय. मी जुन्या लॅबमधनं ब्युरेट मागून आणलं. सहा पूर्णांक सहा हाय. तुझा ड्रॉपर जरा बघ."