आमची वाटचाल : फोंड्यात बसून ऑनलाइन दुकानं बांधताना

फोंड्यात आमचं लहानसं ऑफिस आहे आणि काम एकच, गोव्यातल्या छोट्या व्यापाऱ्यांना ऑनलाइन दुकान बांधून द्यायचं. काजू, कोकम, खाजें (जत्रेतला गुळाचा खाऊ), हाताने रंगवलेल्या टाइल्स, असं सगळं. आम्ही सुरुवात केली तेव्हा यूपीआय नव्हतं (ते २०१६ मध्ये आलं), लोक साइटवर वस्तू बघायचे आणि ऑर्डर फोनवर द्यायचे, त्यामुळे साइट म्हणजे देखणा कॅटलॉग असंच सगळे धरून चालायचे. वर समुद्र, माड, फिरते फोटो आणि माल कुठेतरी खाली. पण पैसे साइटवरच भरायला लागल्यावर चित्र पालटलं, कारण आता गिऱ्हाईक अडकलं की फोन वगैरे करत नाही, सरळ निघून जातं.

आम्हाला खरं शिकवलं ते काजूने. काजूगराची ग्रेड असते, डब्ल्यू १८०, २४०, ३२० अशी, म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात तो आकडा, म्हणून आकडा लहान तेवढा गर मोठा. व्यापाऱ्याला हे तोंडपाठ, पण पुण्यात बसून मोबाइलवर बघणाऱ्याला वाटतं ३२० म्हणजेच मोठा आणि भारी, मग तो स्वस्त का, काहीतरी गडबड असणार. एका व्यापाऱ्याने बाहेरून पान करून आणलं होतं, काळ्या पार्श्वभूमीवर एकच काजू आणि सोनेरी बारीक अक्षरं, दिसायला खरंच सुंदर. मी त्यांना म्हटलं, बाब, फोटो मस्तच आहे, पण ह्यातून गिऱ्हाइकाला घ्यायचं काय ते कळत नाही. मग तिन्ही ग्रेडचे गर एकाच तळहातावर शेजारी शेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात फोटो काढला, खाली मोठा, मध्यम, रोजचा असं लिहिलं, त्याच्याखाली किलोचा भाव आणि ग्रेडचा आकडा बारीक. ह्या पानावर काजूचा रंग, त्याचा बाक, सालीचा राहिलेला कण सगळं दिसतं, आणि माझ्या मते ते आधीच्या पानापेक्षा देखणंही आहे. देखणेपण आणि सोय ह्यांचं भांडण आहे असं लोक बोलतात ते मला पटत नाही. फोटोने गिऱ्हाइकाच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर दिलं की दोन्ही साधतं.

अर्थात प्रत्येक मालाला एकच माप लावून चालत नाही. अझुलेजो म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या हाताने रंगवलेल्या टाइल्सवाल्यांचं काम आलं तेव्हा आम्ही उलट केलं, फोटो स्क्रीनभर, मजकूर अगदी थोडा, कारण तिथे माणूस निळा रंग आणि ब्रशचा फटकाराच विकत घेतो. पण झूम करून ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत थर, बघता आलं पाहिजे, टाइल किती इंचाची ते फोटोच्या लगेच खाली पाहिजे, आणि घराच्या नावाच्या पाटीला किती टाइल्स लागतील हा हिशोब साइटने करून दिला पाहिजे, तो गिऱ्हाइकाने कागदावर का करावा?

पत्त्याचा फॉर्म हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय. तयार टेम्प्लेटमध्ये रस्त्याचं नाव सक्तीचं असतं, आणि आमच्याकडे गावात पत्ता म्हणजे वाडा (गावातली वस्ती), देवळाच्या मागे, नाहीतर खुरसाजवळ (क्रॉसजवळ). लोक तिथे अडकायचे, काहीतरी टाकून पुढे जायचे, मग पार्सल फिरत राहायचं. आता आम्ही आधी पिनकोड विचारतो, ४०३४०१ टाकलं की फोंडा आपोआप येतं, पुढे वाडा आणि जवळची खूण, बस. अकाउंट उघडायची सक्ती नाही. कार्ट वर उजवीकडेच, कारण वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात ह्याचे जाणकार जेकब नील्सन सांगतात तसं लोकांचा बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या साइटवर जातो आणि तिथली सवय घेऊनच ते आपल्याकडे येतात. डिझायनर मुलांना नवीन काही करायचं असतं, ते मी समजू शकतो, त्यांना मी सांगतो की कलाकारी फोटोत, रंगात, पॅकिंगच्या कागदात करा, कार्ट मात्र हलवू नका.

रंगाचं म्हणाल तर पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं ही फॅशन आम्ही घेत नाही. डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या, नियमात साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीतला उजेडाचा फरक) लागतो, तो तर तपासतोच, शिवाय म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भर उन्हात मोबाइल धरून बघतो, तिथे भाव वाचता आला तर पान पास. बटणंही अंगठ्याला सापडतील एवढी, अँड्रॉइडवाले ४८ डीपी (स्क्रीनवरचं त्यांचं माप) सांगतात, ते धरून चालतो. आणि फोटो हलके ठेवतो, मुख्य चित्र अडीच सेकंदांत यावं असं गूगलचं माप आहे, पावसात सत्तरी तालुक्यातल्या गावात रेंज येते-जाते तेव्हा ते किती महत्त्वाचं आहे हे तिथल्या माणसालाच विचारा.

आता नवीन काम आलं की आधी रंग-लोगो काढत नाही. मालकाला म्हणतो, गिऱ्हाईक तुम्हाला फोनवर रोज काय विचारतं ते सांगा. कोकमवाल्या बाईंनी सांगितलं, ह्यात मीठ आहे का, आणि सोलकढीला किती सोलां (कोकमाच्या सुकवलेल्या साली) लागतात. चवथीच्या आधी त्यांची साइट सुरू करायची आहे, आणि ही दोन उत्तरं फोटोच्या लगेच खाली, भावाच्याही वर, मोठ्या अक्षरात येतायत.